चालू रेडिओतले चार पेच

उस्ताद, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझं शिक्षण सातवी नापास, चार ओळी लिहायच्या तरी हात अडखळतो. सून कॉलेजात शिकवायला गेली आहे, घरात मी एकटाच. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो.

कालची गोष्ट. सुनेकडे अंगठ्याएवढं एक यंत्र आहे. ते लॅपटॉपला खोचलं की रेडिओ लागतो. आत ना कॉइल, ना केंद्र जुळवायचे आपले ते पत्र्याचे डबे. हवेतून आलेल्या लहरींचे आकडे होतात आणि ते गाळायचं काम तिनं लिहिलेला प्रोग्राम करतो. लांबचं कानडी केंद्र लागलं होतं. एक बाई गात होती आणि शेजारच्या केंद्राची बडबड तिच्या गाण्यात घुसत होती. सून म्हणाली, "मामा, थांबा, फिल्टर अरुंद करते." मी घाबरलो. "अगं, आधी बंद तर कर. चालू सेटमधी हात घालायलीस." ती हसली. "बंद कशाला? नवा फिल्टर बाजूला तयार करते, त्याच्यात थोडा आवाज भरू देते, नाहीतर बदलताना टक्क होतं. तोवर जुना चालूच." तिनं बटण दाबलं. बडबड गेली आणि बाई गातच राहिली, सूर कुठं तुटला नाही. मला मान वर करवेना.

येडशी स्टेशनजवळच्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही दुसरं काय सांगत होता? डब्यांतले पेच चालू रेडिओवरच जुळवायचे, बंद सेटमध्ये कानाला काय कळणार. पण आधी सुईनं जुन्या जागेची खूण करायची. बांबू तासून केलेल्या पेचकसानं एका वेळी एकच पेच, तोही पाव फेरा. "लोखंड घातलंस की आवाज फसवतो," म्हणायचात.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या धनगराचा रेडिओ तुम्ही सकाळी जुळवून ठेवलात आणि जेवायला गेलात. मी काही पोर नव्हतो, लग्न झालेला माणूस. तुमच्यापेक्षा साफ लावून दाखवावा म्हणून लोखंडी पेचकस घातला. आत असेतो आवाज खणखणीत, बाहेर काढला की फिका. मग दुसरा पेच, तिसरा, चौथा. खूण एकाचीही नाही. शेवटी नुसता फसफसाट उरला. जुळलेले पेच हलू नयेत म्हणून तुम्ही वरून मेण सोडायचात; मीही चारही पेचांवर मेण वितळवून सोडलं, अगदी तुमच्यासारखं.

धनगर आला, रेडिओ लावून बघतो तर काय. "उस्ताद, ह्यो तर घोरायलाय," म्हणाला. तुम्ही सेट कानाशी धरता. मेण बघता. पुन्हा कानाशी धरता. "सकाळी तर मला साफ आलं होतं," एवढंच म्हणता, आणि माझ्याकडं बघता, रागानं नाही, विचारल्यासारखं. आणि मी म्हणालो, "वयानं होतं, उस्ताद. कान जरा उतरलाय तुमचा."

तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तो बांबूचा पेचकस माझ्या हातात दिलात. "पेच आता तू बघ." त्यानंतर तुम्ही एकाही सेटला कान लावला नाही. तारा जोडायच्या, धूळ झटकायची, आणि गिऱ्हाईकाला सांगायचं, "ह्येला विचारा, मला ऐकू येत न्हाय." आणि दुकानामागं पाखरू ओरडलं की माझ्याआधी तुमचीच मान वळायची. ते मी रोज बघत होतो.

काल सून म्हणाली, "मामा, नुसत्या कानानं कसं जमायचं हो तुमच्या उस्तादांना?" मी म्हणालो, "जमायचं. पण शेवटी कान गेला त्यांचा." ती "अरेरे" म्हणाली.

ती पाचला येईल. त्याआधी हा कागद फाडून टाकतो. दुपारभर काय केलं म्हणून विचारलं, तर झोपलो होतो असं सांगेन.