साडूभाऊंच्या पंक्चरच्या डबीबद्दल

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. (प्रेम थोडं कमी पडलंय, कारण खाली येईलच.) तुमची कंबर कशी आहे? ताईंचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठणठणीत, माझ्या सायकलचं मागचं चाक सोडून.

गेल्या वर्षी तुम्ही पंक्चर काढायच्या सामानाची डबी भेट दिलीत, तेव्हापासून माझ्या डोक्याचा ताप वाढलाय. नळ गळो, दार कुरकुरो, आमची ही म्हणते, "भाऊजींनी चुटकीसरशी केलं असतं." चौदा वर्षांच्या संसारात 'चुटकीसरशी' हा शब्द माझ्याबद्दल तिने एकदाच वापरलाय, तोही मला झोप कशी लागते ते शेजारणीला सांगताना. म्हणून रविवारी आम्ही दोघं सायकलींवरून तलावाकडे निघालो, तेव्हा तुमची डबी मी मुद्दाम कपाटावर ठेवली.

घरापासून अकरा किलोमीटरवर चाक बसलं. दुकान सोडाच, चिटपाखरूही नव्हतं. हिने शांतपणे पिशवीतून संत्रं काढलं, आणि त्याखालून तुमची डबी!

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट झाला. ही संत्रं सोलत म्हणाली, "टायर डबीतल्या त्या पट्ट्यांनीच उचकटा, भाऊजी तसंच करतात." झालं! मी जेवणाच्या डब्यातला चमचा घेतला. (चमच्याने टायर निघतो. ट्यूबही फाटते.) एकाची दोन भोकं झाली. "सोल्यूशन जरा सुकू द्या, भाऊजी थांबतात." मी थांबलो नाही. ठिगळ माझ्या अंगठ्याला चिकटलं, आणि काय घट्ट चिकटलं म्हणून सांगू! पुढची दोन ठिगळं नीट बसली. "आता टायरच्या आतून एकदा बोट फिरवा, काटा राहिला असेल. भाऊजी नेहमी..." मी फिरवलं नाही. काटा होता.

ठिगळं संपली होती, म्हणून अकरा किलोमीटर सायकल ढकलत आलो. ही पुढे जायची, वळणावर थांबायची, संत्र्याची एक फोड हातावर ठेवायची. तुमचं नावसुद्धा घेतलं नाही, ते जास्त लागलं. साडूभाऊ, तुमच्या कौतुकातलं पावभर जरी माझ्या वाट्याला आलं असतं, तरी मला जन्मभर पुरलं असतं.

ताईंना नमस्कार. डबी चांगली आहे.

तुमचा, अंगठा अजून चिकट असलेला,
धाकटा साडू

ता. क. पुढच्या महिन्यात याल तेव्हा हिच्यादेखत एखादी गोष्ट तुम्हाला जमू नये, एवढी कृपा करा. छोटीशी चालेल. बाटलीचं झाकण वगैरे.

ता. क. २ पत्ता लिहायला पत्र हिच्याकडे दिलं, तर हिने ते वाचून काढलं आणि पोट धरून हसली. म्हणते, भाऊजींना साधी हवा भरता येत नाही, तुमच्याकडचं सगळं ताईच करतात. दोघी बहिणी लहानपणीच वडिलांकडून शिकल्यात म्हणे! मग रस्त्यात तूच का नाही केलंस? तर म्हणाली, "तुम्ही इतके रंगला होतात, मोडवेना." आणि भाऊजींचं नाव कशाला? "मग माझ्या नावावर तुम्ही ऐकलं असतंत?"

तेव्हा वरची विनंती रद्द. मला निदान टायर काढता येतो हो! काहीच न येता चौदा वर्षं एवढं कौतुक? आता तर मी जास्तच जळतोय. हे कसं जमवलंत, तेवढं उलट टपाली कळवा.