धक्क्याला बांधलेली बोट

ताई,

बाबांचा दमा वाढलाय आणि ते सारखे दाराकडे बघतात, असं तू कळवलंस. मालकाला पलीकडच्या बेटावर सोडलं की माझी रजा सुरू होणार, पण हा माणूस बंदरातून हलेल तर शपथ! वारा पडायची वाट बघत त्याचं सगळं खटलं पाहुण्यांसकट बोटीवरच सुट्टी घालवतंय. दिवसभर नुसतं चरणं चाललंय. बोट धक्क्याला बांधलेली, तरी पाहुणे ओकतात आणि मी पुसतो. शिसारी आलीय.

आज वारा पडला. समुद्र तेलासारखा संथ. बोट हाकणारा आमचा तांडेल म्हणाला, "मालक, काढू या बोट."

"छे, छे! भरवसा नाही अजून." मालकाने बोटीचा कठडा घट्ट धरला.

"याला न्हाणीतसुद्धा हात धरून न्यावं लागत असेल," तांडेल माझ्या कानात कुजबुजला.

मी हसलो आणि रजा मागायला पुढे झालो. मालक खेकसला, "काय रे?"

"काही नाही, मालक. चहा आणू?"

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, ताई. मालकापेक्षा माझीच जास्त किळस आली.

हे पत्र टाकत नाही. बाबांना वाचून दाखवता येईल असं दुसरं लिहितो, की समुद्र फार खवळलाय.

तू ज्याला वाघोबा म्हणतेस,
तो तुझा धाकटा