आधी लॅपटॉप, मग एकांकिका

५ जुलै २००९, रविवार

ठरलं. लॅपटॉप घ्यायचा. पुढच्या रविवारी घरात.

उत्कर्षाच्या ग्रुपसाठी एकांकिका मी लिहितोय. ती दिग्दर्शक, तेजस हीरो. स्पर्धा ३० ऑगस्टला. ब्रोशरवर 'लेखन : सलिल गानू'. गेली दोन वर्षं मी बॅकस्टेजला खुर्च्या हलवतोय. यंदा नाही.

हाताने लिहिणार नाही. माझ्या नाटकाचा फॉर्म नॉन-लीनिअर आहे. शेवट मधे येतो आणि सुरुवात शेवटी. वहीत असलं काही करायचं तर पानं फाडावी लागतात. घरच्या कॉम्प्युटरवर बाबा पत्ते खेळतात. ऑफिसात (हडपसर. सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहितो) कंपनीच्या मशीनवर कलाकृती करणं तत्त्वात बसत नाही. शिवाय मागच्या माणसाला स्क्रीन दिसतो.

नाटक डोक्यात पूर्ण तयार आहे. फक्त टाइप करायचंय.

१२ जुलै, रविवार

टिळक रोडवरच्या दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होते. म्हटलं, लॅपटॉप बघायचाय. म्हणाले, घ्यायचा असेल तर दाखवतो, बघायचा असेल तर काचेतूनही दिसतो.

घ्यायचाय म्हटल्यावर उठले. कशासाठी हवाय विचारलं. म्हटलं, नाटक लिहायचंय. म्हणाले, मग कुठलाही चालेल. ह्या माणसाला विकायचाय की नाही तेच कळेना. मी विचारलं, इतक्यात नवीन काही येणार आहे का. म्हणाले, येणार की, सारखं येतच असतं. आपण काय तोपर्यंत इथे उभे राहणार का?

ते खवचटपणे म्हणाले, पण मुद्दा मोलाचा आहे. ऑक्टोबरमध्ये विंडोज सेव्हन येतंय. आज घेतला तर आत्ताचं व्हिस्टा गळ्यात पडणार. तीन महिन्यांत जुना झालेला लेखक मला व्हायचं नाही.

निर्णय : थोडं थांबायचं. थांबणं हासुद्धा निर्णयच असतो.

उत्कर्षाला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, तुझं नाटक कुठल्या विंडोजमध्ये घडतं? म्हटलं, तसं नाही, ते मनात घडतं. ती म्हणाली, मग तिथून काढ की. रविवारी वाचन आहे.

१९ जुलै, रविवार

वाचन. कर्वेनगरला उत्कर्षाच्या सोसायटीचा हॉल. पद्धत अशी की लेखक वाचतो, बाकीचे सतरंजीवर गप्प बसतात, मग चहा.

मी मनोगत वाचलं. 'हे नाटक लिहिताना' पासून आभारांपर्यंत अडीच पानं. एका बैठकीत झालं होतं, ऑफिसच्या कागदावर. (मनोगत कलाकृतीत मोडत नाही.) आवाज छान लागला. आई-बाबांच्या ऋणाचा उल्लेख करताना जरा भरूनही आलं.

मग सगळे वाट बघत बसले. मी सांगितलं, एवढंच. तेजस म्हणाला, भारी आहे, पण ह्यात मी कुठेय? उत्कर्षाने विचारलं, नाटक लिहिण्याआधी आभार कसले मानतोस?

चहा झाला नाही. दूध नव्हतं म्हणे.

२ ऑगस्ट, रविवार

तुलनेचा तक्ता बुधवारीच पूर्ण झाला. सतरा मॉडेल्स, बावीस रकाने. सायबर कॅफेत रोज संध्याकाळी बसून केला. रॅम, हार्ड डिस्क, वजन, बॅटरी, कीबोर्डचा आवाज. (कीबोर्ड खडखडला की संवाद खडखडीत होतात, असा माझा कयास.)

ह्यामुळे लेखनाला वेळ मिळाला नाही, पण लेखनाचा पाया भक्कम होतोय.

तेजसने विचारलं, मी कुठला घेऊ? तक्ता बघून तीन मिनिटांत सांगितलं. त्याच संध्याकाळी घेऊन आला. शेजारचे दिगंबरकाका रिटायर झाल्यापासून लॅपटॉपचं म्हणत होते. त्यांनाही सांगितलं. तेही घेऊन आले. आता गॅलरीत बसून महापालिकेला रोज एक ईमेल करतात. पहिला कुत्र्यांबद्दल, दुसरा पहिल्याला उत्तर न आल्याबद्दल.

व्हिस्टा आहे दोघांच्यात. मी काही बोललो नाही. खरेदीच्या आनंदात असतात माणसं.

१० ऑगस्ट, सोमवार

स्वाइन फ्लू. शाळा बंद, थिएटरं बंद, सगळे मास्क लावून. स्पर्धा पुढे गेली, ११ ऑक्टोबरला.

वाईट बातमी आहे, असं सगळ्यांना म्हणालो. मास्क होता म्हणून बरं झालं.

विंडोज सेव्हन येतंय २२ ऑक्टोबरला. अकरा दिवसांचा फरक. स्पर्धा अजून एकदा ढकलता येते का, असं उत्कर्षाला विचारलं. तिने फोन ठेवला. रेंज गेली असणार.

१६ ऑगस्ट, रविवार

तेजस घरी आला. म्हणाला, तुझी प्रोसेस समजून घ्यायचीय. दोन तास बसला. दुकानात मी नक्की काय म्हणालो, मालक काय म्हणाले, तक्त्यातले रकाने कुठले, सगळं विचारलं. मी फिरत फिरत सांगितलं. नवीन लॅपटॉपवर भराभर टाइप करत होता. मधेच म्हणाला, ते कीबोर्डच्या आवाजाचं परत सांग. परत सांगितलं.

लेखकाला समजून घेणारा नट आजकाल मिळत नाही. आईने त्याला पोहे दिले, तेव्हा तिलाही विचारत होता, काकू, हा घरी पण असंच बोलतो का? आई म्हणाली, घरी जास्त बोलतो.

ह्या आठवड्यात उत्कर्षाने एकदाही स्क्रिप्ट मागितलं नाही. विश्वास बसला माझ्यावर.

६ सप्टेंबर, रविवार

आज पक्कं ठरवलं होतं की व्हिस्टा तर व्हिस्टा, जाऊन घेऊनच यायचा. हेल्मेट घातलं. आई म्हणाली, कालपासून पितृपंधरवडा लागलाय, नवीन वस्तू आणू नये. माझा ह्यावर काडीचा विश्वास नाही. पण आईच्या भावना असतात. हेल्मेट काढलं.

उत्कर्षाचा फोन आला. तालमी सुरू करतोय म्हणाली. तेजसने एक स्क्रिप्ट लिहिलंय, तू टेन्शन घेऊ नकोस. आवाज जरा जपून लावला होता. मी म्हटलं, उत्तम. बॅकअप केव्हाही असावा. माझं आलं की बदलू. ती म्हणाली, हो हो.

तालमीला येऊ का विचारलं, तर म्हणाली, नको, तू लिही.

२८ सप्टेंबर, सोमवार. दसरा

बाबा सकाळीच तयार. म्हणाले, चल, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, आज तो लॅपटॉप आणून टाकू, हार घालू, विषय संपवू. मी समजावलं की असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. माणसाने तंत्रज्ञान बघून घ्यावं. जानेवारीत नवीन प्रोसेसर येतोय. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये घेण्यातही आता तसा अर्थ नाही.

बाबा म्हणाले, आमचा मुहूर्त निदान येतो तरी.

मग ते एकटेच गेले आणि मिक्सर घेऊन आले. मी मॉडेल नंबर बघितला. नवीन येणार होतं, पण बोललो नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

प्रयोग आठवड्यावर. माझं नाटक ह्या वर्षी बाहेर येणार नाही, हे मी स्वीकारलंय. उत्कर्षाला तसं कळवलं. म्हणाली, हो, कल्पना होती.

वाईट वाटलं का? थोडं. पण घाईत केलेल्या कामावर माझं नाव नसलेलंच बरं. तेजसची पहिलीच एकांकिका. जाऊन प्रोत्साहन द्यायला हवं.

११ ऑक्टोबर, रविवार

प्रयोग बघितला. आई बरोबर होती.

नाटकाचं नाव 'उद्या घेऊ'. लेखन : तेजस. खाली बारीक अक्षरात 'विशेष आभार : सलिल गानू'. त्याला लॅपटॉप निवडून दिला होता, म्हणून असणार.

गोष्ट साधी. एका माणसाला नाटक लिहायचं असतं, पण तो आधी लॅपटॉप घ्यायला निघतो आणि शेवटपर्यंत घेत नाही. कल्पना बरी आहे, पण पात्र अजिबात पटलं नाही. असा माणूस असतो का? नाटक सोडून मनोगत लिहितो म्हणे. मनोगत मीही आधी लिहिलं होतं, पण त्याला कारणं होती. ह्याला काहीच कारण दिलेलं नाही. लिखाणात घाई झाली की असं होतं.

तरी लोक जाम हसले. आई तर डोळे पुसत होती. मध्येच माझ्याकडे बघायची आणि परत हसायची.

हीरोचा शर्ट हिरव्या चौकडीचा. माझ्याकडे सेम आहे.

लेखनाचं पहिलं बक्षीस तेजसला. परीक्षक म्हणाले, निरीक्षण फार बारीक आहे. मी विंगेत जाऊन अभिनंदन केलं आणि एक चूक दाखवली. हीरो कीबोर्डच्या आवाजाबद्दल जे बोलतो, त्याला शास्त्रीय आधार नाही. तेजस उत्कर्षाकडे बघायला लागला. उत्कर्षा म्हणाली, पुढच्या प्रयोगाला सुधारू.

१२ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला घालायला हिरवा शर्ट शोधला. कपाटात नाही.

आई म्हणाली, अरे, उत्कर्षा गुरुवारी घेऊन गेली ना, नाटकात लागणार म्हणून. तू सांगितलं असशील असं वाटलं मला. धुऊन देणारे.

कॉटवर बसलो. कालचे सगळे संवाद एकेक करून आठवले. आईला विचारलं, मी खरंच असा बोलतो? ती म्हणाली, नाही रे. तेजस जरा हळू बोलत होता.

ऑफिसला कळवलं, ताप आहे.

दुपारी उठलो. ठरलं. उत्तर द्यायचं. माझ्या बाजूने एकांकिका, आजच, हाताने. बाबांकडून वही मागून घेतली. बाबांनी पत्त्यांवरून नजर न काढता विचारलं, वहीचं नवीन मॉडेल नाही का येणार? दुर्लक्ष केलं.

पहिलं वाक्य झकास सुचलं. लिहिलं. वाचून बघितलं.

हे तेजसच्या नाटकात आहे.

खोडून दुसरं लिहिलं. तेही आहे.