तिकिटाएवढी निगेटिव्ह

११ ऑगस्ट १९७६, बुधवार

दोन कॅमेरे! आणि त्यातला एक माझा!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. आनंदकाका स्टुडिओ सोडून चालले. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, आता मुलीकडे भंडाऱ्याला राहणार. आठ वर्षं त्यांनी फोटो काढले आणि मी त्यांच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. आज डबा खाताना दोन्ही कॅमेरे टेबलावर मांडले अन् म्हणाले, "एक तुहा, एक भाच्याचा. पहिले तू निवड."

मी म्हटलं, काका, मले काहून?

"तुले नाही तं कोनाले देऊ? साऱ्या सदर बाजारामंदी चेहरा नीट पाहनारी तू एकटीच आहेस."

स्टुडिओच्या मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी पोळी तशीच हातात धरून बसले.

१२ ऑगस्ट

लिहून काढते, नाहीतर डोकं फिरेल.

मोठा, डबल लेन्सचा. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. काचेत डावं ते उजवं दिसतं. बारा फोटो की रोल संपला. पण निगेटिव्ह चांगली बिस्किटाएवढी, आणि तिच्यावर पेन्सिल चालते.

लहान, पस्तीस एमएमवाला. डोळ्याला लावायचा. छत्तीस फोटो! लेन्स काढून दुसरी बसवता येते — एक साधी, एक लांबची. निगेटिव्ह मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढी. "याच्यावर पेन्सिल टेकवली का नाक गेलं समज," काका म्हणाले. "जे आलं ते आलं. मंग रडाचं नाही."

पेन्सिल म्हणजे माझी भाकरी. गालावरचे खड्डे, सुरकुत्या, डाग निगेटिव्हवर फिके टिपके होऊन येतात. सुईसारखं टोक काढून एकेक टिपका भरायचा. छापलं की गाल साफ! लग्नाच्या मुलींचे फोटो सगळे माझ्याकडे. मागच्या वर्षी एका नवरदेवाची आई फोटो नाचवत आली होती — "हे पोरगी कुठी ठेवली तुमी? आमच्या घरी तं दुसरीच आली!" काका तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मला नाही हसू आलं.

१५ ऑगस्ट, रविवार

दोन्ही कॅमेरे काकांनी वापरून पाहायला दिलेत. आज लहान घरी आणला.

आमच्या इंदोरा वस्तीतल्या घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक रिकामा खिळा. तो बाबांसाठी ठोकला होता. बाबा गेले तेव्हा कळलं की त्यांचा एकही फोटो नाही. मी फोटोच्या दुकानात कामाला, आणि बापाचा फोटो नाही! आता मला त्यांचं नाक आठवतं, विडी धरायची बोटं आठवतात. चेहरा जुळतच नाही. किती डोळे मिटले तरी नाही.

आईचं तसं होऊ द्यायचं नाही. मला दुसरं काही नको, आईचा एक फोटो हवा. बस्स.

कॅमेरा डोळ्याला लावला तर आईने पदर तोंडावर! "ठेव वं ते. मेल्या तोंडाचा का फोटू काढतं."

आईच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. सगळ्या चेहऱ्यावर, पापण्यांवरसुद्धा. नऊ वर्षांची असताना गावात देवी टोचणारा आला, तर ही भिऊन कापसाच्या गंजीत लपली. तिची बहीण प्रयाग शहाण्यासारखी दंड पुढे करून उभी राहिली. प्रयाग वाचली, आईला आल्या. पुढे प्रयाग मावशी पहिल्या बाळंतपणात गेली. मी तिला पाहिलेलं नाही. आई तिचं नाव निघालं की उठून चुलीकडे जाते. आजही गेली.

२२ ऑगस्ट, रविवार

आज पाप करणार होते. लांबची लेन्स लावून शेजारच्या गच्चीवर गेले. खाली नळावर आई. काय सांगू! तिथून तिची पापणीसुद्धा दिसत होती. कशावर तरी खदखदून हसत होती. घरात अशी कधी हसत नाही. बोट बटणावर होतं. तेवढ्यात कोणीतरी पुरुष रस्त्याने गेला आणि आईचा हात आपोआप गालावर गेला. झाकायला.

दाबलं नाही. चोरून कसा काढू? खाली उतरले आणि तिची घागर उचलून घरी आणली.

२६ ऑगस्ट

मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, पुतळ्यांची मिरवणूक. लहानवाला घेऊन महाल भागातल्या गर्दीत घुसले. ढोल, धूळ, माणसांवर माणसं, "घेऊन जा गे मारबत!" एक बुवा म्हणे, "बाई कशी काय फोटो काढून राहिली?" मी म्हटलं, हातानं! छत्तीसच्या छत्तीस संपवले. पायावर दहा जण उभे राहून गेले असतील, पत्ता नाही.

माझा जीव लहानवर जडला. हाच माझा. पण मग आई? याला पाहून तर ती तोंड झाकते.

२८ ऑगस्ट

रोल धुतला. बापा रे! एका म्हाताऱ्याच्या घामाचा थेंबसुद्धा आलाय. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. "भाच्याले मोठाच देतो मंग," म्हणाले. मी म्हटलं, थांबा, मोठ्यासोबत मला उद्याचा रविवार द्या.

२९ ऑगस्ट, रविवार

काढला! आईचा फोटो काढला!

मोठा कॅमेरा पोटाशी धरून अंगणात नुसती उभी होते, काचेत पेरूचं झाड पाहत. आई म्हणाली, "यात तं तू माह्याकडे पाहूनच नाही राहिली."

नाही आई. मान खाली ठेवावी लागते यात.

मग हळूच — "तू दुकानात पोरीइचे डाग काढतं न? माहे काढशीन?"

मी हो म्हटलं. म्हटलं, यावर पेन्सिल चालते. आईने पांढरं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं, बाजेवर येऊन ताठ बसली. मी मान खाली घातली. काचेत आई. पदर खांद्यावर, हात मांडीवर. माझे डोळे भरले आणि काच धूसर झाली, तरी दाबलं. बाराही तिचेच काढले.

१ सप्टेंबर

निगेटिव्ह धुतल्या. एक फारच छान आहे. तीच घेतली. ठरवलं होतं, थोडंच करायचं — गालावरचे दहा-बारा टिपके, आईचं मन राखण्यापुरतं. तिला कळणार नाही, मला आई मिळेल.

पण हात कसला ऐकतो! आठ वर्षांची सवय. एक टिपका भरला की शेजारचा डोळ्यात खुपतो. तो भरला की तिसरा. मग डोळ्याखालच्या सुरकुत्या, मग ओठांच्या कडा. वर पाहिलं तेव्हा स्टुडिओ बंद करायची वेळ झाली होती.

२ सप्टेंबर

छापलं.

सुंदर बाई आहे. कोणाची तरी आहे. माझी नाही.

नाक आईचं, लुगडं आईचं, मांडीवरचे हात आईचे. आणि वर कोणीतरी पंचविशीतली बसलेली! मला शाळेत सोडताना उन्हात चमकायचा तो चेहरा कुठे गेला? लहानपणी तापात मी त्या खड्ड्यांवर बोट फिरवत झोपायची. मीच पुसलं सगळं. उरलेल्या अकरा निगेटिव्ह आहेत, पण मी डाग काढायचं वचन दिलंय, त्या वापरू कशा? वचन पाळलं आणि आई गेली. हे कोणाला सांगू?

३ सप्टेंबर

फोटो आईला दिला. वाटलं होतं, हसेल. तिने तो दारात उजेडाकडे धरला. किती तरी वेळ. मग खालीच बसली. मी म्हटलं, आई, आवडला नाही का? तिने फोटो पदरात गुंडाळून पेटीत ठेवला, कुलूप घातलं आणि जेवलीसुद्धा नाही.

मी बोलायला गेले तर हात केला — राहू दे.

४ सप्टेंबर

काकांना सांगून आले, मला कोणताच कॅमेरा नको. दोन्ही भाच्याला द्या.

"काहून वं? का झालं?"

मी दोन्ही कॅमेरे पुढे सरकवले. "उद्या अकराच्या गाडीनं चाललो मी," काका एवढंच म्हणाले. मी माझ्या टेबलावरच्या पेन्सिली गोळा केल्या आणि डब्यात टाकल्या. सोमवारी परत काढाव्याच लागतील.

५ सप्टेंबर, रविवार

सकाळी उठले तर बाबांच्या खिळ्यावर फोटो! लाल सुतळीने बांधलेला. आई समोर बसलेली, डोळे सुजलेले.

"प्रयाग आहे वं ते. हुबेहूब. आमी जुळ्या. मले देवी याच्या पहिले आमची मायबी आमाले चुके, प्रयाग कोनती अन् मी मीरा कोनती. तिले जाऊन तीस वर्सं झाली, मले तिचं तोंड आठवे नाही. तू आनून देलं."

माझे डोळे वाहू लागले. तिनेच पुढे होऊन माझं तोंड पुसलं.

"तिचं झालं. आता माहा काढ. डाग राहू दे. नाहीतं दोघीइत फरक कसा समजन?"

साडेनऊ वाजलेत. सायकल काढते. काका निघायच्या आत लहानवाला आणायचा आहे.