चापाभोवतीची कमान

शुगर लँड,
२४ ऑक्टोबर २००४

ती. वसुधाताईस, धाकट्या शैलेंद्रचा सा. न. वि. वि.

तुझ्या भाच्याने, कबीरने, हरणाच्या शिकारीची रायफल घेतली. आपल्या घराण्यात झुरळापलीकडे कुणी काही मारलेलं नाही, पण ते सोड. दस्ता प्लास्टिकचा, मॅगझिन प्लास्टिकचं, चापाभोवतीची कमानसुद्धा प्लास्टिकची! तीस वर्षं मी पोलादी व्हॉल्व्ह करतोय. म्हटलं, थंडीत तडकेल. तर म्हणे, बाबा, प्रेशर येतं तिथे, नळीला नि बोल्टला, स्टीलच आहे. बाकीचं उगीच जड कशाला? लाकूड इथल्या दमट हवेत फुगतं, नेम हलतो. तासभर भांडलो. मजा आली.

खंडेनवमीला पाटावर माझा वर्निअर, पाने, सुलेखाची विळी मांडली होती. कॉलेजला गेल्यापासून पूजेकडे न फिरकलेला हा रायफल घेऊन आला. कुठे ठेवू, विचारलं. मी म्हटलं, बाथरूममध्ये, बादलीशेजारी. पाहुणे हसले. तो न जेवताच गेला. लेकाची बाजू घेऊन सुलेखा माझ्याशी बोलत नाही. एवढं काय झालं?

माझा कान धरायचा हक्क तुझाच. तो बजावून उत्तर लिही.

शैलेंद्र

आयसेलिन,
३ नोव्हेंबर २००४

चि. शैलेंद्रास ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू भाषण देतोस, म्हणून पत्र. कबीरशी मी बोलले. तो नोकरी कुठे करतो, आठवतंय ना? लोकांना तू ‘इंजिनिअरिंगमध्ये’ सांगतोस, प्लास्टिक हा शब्द गिळून. तर ती चापाभोवतीची कमान त्याने डिझाइन केली आहे. नोकरीतलं पहिलं काम. ते बाजारात आलं म्हणून रायफल घेतली. हरणं सुखात आहेत. म्हणाला, आत्या, खंडेनवमीला आपलं काम ठेवतात ना, म्हणून नेली.

सगळ्या जगाचं इन्स्पेक्शन करतोस, देवासमोर तरी रजा घ्यायचीस. आता नवीन काही सुधारणा सुचवू नकोस. फक्त चुकलो म्हण.

रागावले तरी तुझीच,
ताई

शुगर लँड,
११ नोव्हेंबर २००४

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र सोमवारी आलं. शनिवारीच मी कबीरला पार्सल पाठवून बसलो होतो. दोन आठवडे रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये पोलादाची कमान घडवली, घासून आरशासारखी केली. वाटलं, माफी मागायला तोंड नाही, हात तरी आहेत. सोबत चिठ्ठी लिहिली: ते प्लास्टिक काढून फेक, हे बसव.

मंगळवारी फोन लावला. चुकलो म्हणालो. तो म्हणाला, इट्स ओके, बाबा. तुमची कमान बसवली, अगदी परफेक्ट बसली. यू वेअर राइट, मेटल इज बेटर.

म्हटलं, अरे नाही, थंडीचं मी उगीच बोललो, तुझी तडकली नसती. तर म्हणे, नो, नो, पॉइंट होता तुमचा. चोवीस वर्षांत माझं एक वाक्य त्याने धड पुरं होऊ दिलेलं नाही गं. मग मुद्दाम चुकीचं बोललो, भांडेल म्हणून. म्हटलं, मला तर वाटतं, नळीसुद्धा प्लास्टिकची चालेल.

तो म्हणाला, शुअर, बाबा.

तुझी माया तेवढी आटू देऊ नकोस.

शैलेंद्र