गुरुदासची कॅसेट

६ जानेवारी १९८६
नेली एकदाची! गुरुदासची कॅसेट आज तिसरीच्या वर्गात वाजवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी — 'सोल'. बोटीवरच्या दोस्ताकडून उतरवून घेऊन त्याने पाठवली होती, सोबत चिठ्ठी — "सोल म्हणजे आत्मो गो, अक्का!" पुढच्याच वर्षी त्याची बोट बुडाली. माझा भाऊ गेला, गाणी राहिली.

पोरांना इंग्रजी कुठलं कळायला! पण एक हाक घालतो, बाकीचे ओ देतात, हे लगेच उमगलं. नर्मदा ओरडली, "बाई, हे रापण ओढतत!" किनाऱ्यावर जाळं ओढताना तिचा बाप अशीच हाळी देतो. सगळी पाट्या बडवायला लागली. मी कुणाला गप्प केलं नाही.

शेवट मात्र ऐकू दिला नाही. तिथे गुरुदासचा आवाज आहे — "आये, जेवलंस गो?" एवढंच. आई रोज संध्याकाळी ते ऐकते आणि उत्तर देते, "जेवलंय रे झिला." एकुलता एक मुलगा तिचा. तो आवाज तिचा आहे, वर्गाचा नाही.

९ जानेवारी
हेडगुरुजींनी बोलावलं. "पाढे सोडून हे काय रडगाणं?" भांडून आले. तोवर कॅसेट शेवटपर्यंत वाजून गेली होती! "बाई, गाणारो तर मालवणी बोलता!" पोरं नाचत होती. खरं काही सांगवेना. "होय रे," म्हटलं.

१० जानेवारी
आज पाढेसुद्धा त्याच चालीत. गुरुदासा, बघायला हवा होतास रे!

११ जानेवारी
काय करून बसले मी! पहिलीच्या पोरांना सुकडी वाटायला बाहेर गेले आणि माझ्या पोरांनी टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. परत आले तर सगळा वर्ग टेपपुढे गात होता. मागे घेऊन लावली — शेवटच्या गाण्यापासून पुढे नुसता पोरांचा आवाज. गुरुदास पुसला गेला. पुढचं ऐकवेना, बंदच केली. नर्मदा रडवेली — "बाई, चुकला आमचा."

पण आई! तिला आता दिसत नाही. तो आवाज म्हणजेच तिचा मुलगा. सेल संपलेत म्हणून थाप मारली. "उद्या नवे सेल हाड हां," म्हणाली.

१२ जानेवारी
आई हटूनच बसली. लावावीच लागली. पोरांचं बेसूर गाणं सुरू झालं, आईने कान टेपला लावला. मी तिचे पाय धरणार, तोच सगळ्या वर्गाने एका दमात विचारलं — "आये, जेवलंस गो?" त्यांना तेही गाण्यातलंच वाटलं होतं!

आईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली,
"जेवलंय रे झिलांनो."