खिडकीचं माप

१४ नोव्हेंबर

ताईस,

साष्टांग नमस्कार, गुडघे दुखतात, म्हणून मनातल्या मनात.

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आठवड्यातून दोनदा माझा सकाळचा चहा बंद करण्यात आला आहे. नाश्ताही बंद आहे, पण त्याबद्दल मी मोठ्या मनाने काही बोलत नाही. इतकी वर्षं लोकांची खिल्ली उडवून पोट भरणाऱ्या माणसाला बिनचहाचं तोंड घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसावं लागतं, आणि याची दाद कुठे मागायची ते कोणी सांगत नाही.

कसला दवाखाना, असं विचारशीलच. उदासीवरच्या गोळ्यांचं तुला माहीत आहे. पहिल्या गोळ्यांनी झोप वाढली, दुसऱ्यांनी वजन. ज्यासाठी घेतल्या ते मात्र जागचं हललं नाही. म्हणून आता केटामिन. शस्त्रक्रियेआधी भूल द्यायला वापरतात तेच, पण थोडंसं, सलाईनमधून, हळूहळू. डोळ्यांवर पट्टी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, शेजारी परिचारिका. नंतर एकट्याला घरी सोडत नाहीत. आमचे संपादक न्यायला येतात आणि वाटेत लेख मागतात. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला विनोद करावे लागले असते. म्हणून पत्र.

पहिल्या दोन खेपा कोरड्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. माणूस प्रामाणिक आहे, त्यामुळे मला त्याचा राग येतो.

तिसऱ्या खेपेला मी घोटाळा केला. शब्द नसलेलं संगीत ऐकत पडायचं असतं. फोनमध्ये बासरी भरून नेली होती. पट्टी बांधल्यावर चाचपडत बोट ठेवलं, आणि कानात तू सुरू झालीस. तुझे बोलके निरोप, उन्हाळ्यापासून मी न उघडलेले. एक संपला की दुसरा आपोआप. थांबवावं म्हटलं, तर हात शेजाऱ्यांचा असल्यासारखा लांब पडलेला.

तर मी स्वतःच्या बाहेर कुठेतरी तरंगतोय, आणि तिथे तू कुकरच्या रबराबद्दल बोलतेयस. भावजींचा खोकला. सुनेने न विचारता घेतलेला मिक्सर. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी, खिडकीचं माप पाठव, पडदे शिवायचेत. पुढे पुढे तुझा आवाज चढला. ‘‘शहाण्या, माप मागतेय, किडनी नाही.’’ मग नुसतेच मापाचे निरोप. शेवटच्यात तुझा आवाज उतरला. मग म्हणालीस, ‘‘माप राहू दे. नुसतं ‘आहे’ एवढं कळव.’’

पट्टी ओली निघाली. परिचारिका म्हणाली, काहींना घाम येतो. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दात घासून झाल्यावर लक्षात आलं, की त्यासाठी आज स्वतःशी भांडावं लागलं नाही. याची बातमी होत नाही. आणि काल पुन्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. हे टिकेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. अजून काही खेपा बाकी आहेत.

आता मापाचं. टेप घरातच होती. आळसही नव्हता. उन्हाळ्यात मी टेबल खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलं, आणि तेव्हापासून खिडकीजवळ गेलो नाही. पाचवा मजला आहे, तुला माहीत आहे. स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. डॉक्टरांना हे सांगितलंय. आता तुलाही सांगितलं.

आज सकाळी संपादकांना बोलावून घेतलं आणि टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, ‘‘लेख?’’ मी म्हटलं, ‘‘धरा.’’ माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी टोक चौकटीला लावलं.

रुंदी चार फूट दोन इंच. उंची साडेचार फूट. दोनदा मोजली. कापड पातळ घे.

आहे.

तुझा,
शहाणा